उरलेला रंग

३ जानेवारी, सोमवार

ही वही हिशेबाची. मागची पाने कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून त्यांत लिहिते. मॅट्रिकच्या परीक्षेतल्या निबंधानंतर मी सलग चार ओळी लिहिल्याचे आठवत नाही. लिहिल्या त्या याद्याच.

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, इस्पितळातून आपल्या घरी येऊन आठवडा झाला. छत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, लग्न केले नाही, कुणापुढे हात पसरला नाही, आणि आता छातीने दगा दिला म्हणून आमच्या मागच्या खोलीत आल्या. काल डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बजावले, "तेलरंगाची एक नळी किंवा टर्पेंटाइनची बाटली ह्या खोलीत दिसली, तर मी पुन्हा ही पायरी चढणार नाही." ह्यांनी लगेच सगळे रंग खोक्यात कोंबून माळ्यावर टाकले. अर्धवट चित्रही भिंतीकडे तोंड करून ठेवले. वन्संनीही तसेच केले. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून आहेत.

नव्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीसाठी त्यांनी चित्र द्यायचे कबूल केले आहे. रस्त्यासाठी कापताहेत त्या टेकडीचे. उद्घाटन वीस मार्चला. चित्र झाले नाही तर वन्सं पुन्हा उठणार नाहीत, असे माझे मन सांगते. ह्यांना तसे म्हटले तर म्हणाले, "एकच गोष्ट किती उगाळशील?"

६ जानेवारी

ग्रंथपालबाई येऊन गेल्या. वन्संना म्हणाल्या, घाई नाही, बरं वाटलं की करा. बाहेर चपला घालताना मला हळूच म्हणाल्या, "नाहीच झालं तर टेकडीचा मोठा फोटो छापून लावू. त्यांना मात्र सांगू नका." आमच्या घराच्या भिंती अशा, की शेजारची शिंक इकडे ऐकू येते. वन्संनी दुपारी दोन घास खाऊन ताट सारले. अन्न टाकवत नाही मला. तेही मीच संपवले.

९ जानेवारी, रविवार

आज एक गंमत झाली. ह्यांची नोकरी वजनकाट्यावर. टेकडीची माती भरून ट्रक निघतात, ते आधी ह्यांच्या काट्यावर चढतात. त्यामुळे रोज अर्धी टेकडी ह्यांच्या चपलांना लागून घरी येते. पायपुसणे धुवायला बादलीत भिजत घातले आणि विसरले. नंतर बघते तर पाणी निवळलेले आणि तळाशी लाल साका बसलेला. पाणी निथळून टाकले आणि बोट लावले, तर इतका मऊ, जसे काही लोणी. बोट मोरीच्या भिंतीला पुसले, तो डाग दोनदा घासूनही पुरता निघाला नाही.

थोडा वाटीत काढून वन्संकडे नेला. म्हटले, "बघा, तुमच्या टेकडीनं आमच्या पायपुसण्याची काय दशा केलीय!"

त्या वळल्या. बोट बुडवले आणि सरळ चादरीवर ओढले. कालच धुतलेली चादर! मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाल्या, "घरात डिंक आहे का गं?"

आठवड्यातले पहिले वाक्य. चादर गेली तर गेली.

१२ जानेवारी

कृती लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. माती पाण्यात ढवळायची. जड वाळू आणि खडे खाली बसले की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे. त्याचा साका बसू द्यायचा. असे तीनदा. मग फडक्यातून गाळायचे. शेवटी जाड काचेवर डिंकाचे पाणी आणि मधाचा थेंब घालून बत्त्याने खलायचे, बोटाला एकही कण लागेनासा होईपर्यंत. डॉक्टरांना विचारले. म्हणाले, "ओली असेल तर चालेल. पण खोलीत धूळ उडाली तर याद राखा." म्हणून सगळे मागच्या ओट्यावर, ओलेच, तोंडाला फडके बांधून करते.

हे कामावरून आले आणि दारातच थांबले. "घरात काय मातीचा कारखाना काढलाय?"

मी म्हटले, "तुम्हीच म्हणाला होता ना, उगाळत बसतेस म्हणून? आता खरंच उगाळतेय."

हे चपला काढून, बादलीला वळसा घालून आत गेले.

वहीत रकाने पाडले आहेत. माती. कुठली. कुणी मागितला. किती. उरला किती. वन्संनी ते पाहिले आणि तेव्हापासून मला हिशेबनीस म्हणतात.

१७ जानेवारी, सोमवार

सुताराने फळी आणून दिली, दाराएवढी. तेलरंगावर हा रंग बसत नाही, म्हणून चित्र पहिल्यापासून. वन्संनी खडूची भुकटी आणि सरस यांचा हात माझ्याकडून दोनदा फिरवून घेतला आणि आज खुर्चीत बसून पहिली रेघ ओढली. हात कापतो. रेघ मात्र कापली नाही.

एक तक्रार लिहिते, तोंडावर बोलता येत नाही म्हणून. वन्संना अंदाज नाही. दोन चमचे लाल मागितला, मी दीड तास खलला, त्यातला अर्धाच वापरला. "बाकीचा?" विचारले तर म्हणतात, "तू बघ काय करायचं ते. उद्यापर्यंत वाळून जाईल." एवढा गाळलेला, खललेला रंग मोरीत ओतायचा? हात धजला नाही. ह्यांच्या काट्यावरच्या चुकलेल्या पावत्या घरात पडून असतात, त्यांच्या पाठी कोऱ्या. त्यांवर चौकटी काढून रंग संपवला. एका ओळीत सहा. हिशेबालाही बरे, कोणता रंग कसा वाळतो ते कळते.

२२ जानेवारी

आज तपकिरी उरला. रोजच उरतो. चौकटी काढताना पट्टी सरकली आणि एक तिरकी गेली. चूक एकटी दिसू नये म्हणून पुढच्याही तिरक्या काढल्या. लांबून पाहिले तर टेकडीच्या उतारासारखे दिसत होते. योगायोग.

वन्सं आज पोटभर जेवल्या. मला काही संपवावे लागले नाही.

२९ जानेवारी, शनिवार

सकाळी प्रार्थनेला बसले आणि सगळे लक्ष दिव्यावर धरलेल्या काजळीकडे. वन्संना काळा हवा आहे आणि टेकडीत काळी माती नाही. एवढी दाट, मऊ काजळी दुसरीकडे कुठे मिळणार? डोळे मिटून देवाची क्षमा मागितली, मग लगेच परवानगीही मागितली. दोन्ही एका दमात मागू नये, पण दूध उतू जायला आले होते. देव काही बोलला नाही. हेही काही बोलले नाहीत की मी होकारच धरते.

काळा एक चमचा. उरला, अर्थात. त्याने खिडकीचे गज काढले. गज म्हणजे उभ्या रेघाच, त्यात काही विशेष नाही. फक्त एक गज जरा वाकलेला आहे, तो तसाच वाकलेला काढला. खोटे कशाला काढा?

पावत्या तांदळाच्या डब्यामागे ठेवते. घरात माणूस आजारी असताना ही बाई चित्रे काढत बसते, असे कुणी म्हणायला नको.

५ फेब्रुवारी, शनिवार

फार मोठा घोटाळा झाला आहे. कुणाला सांगितलेले नाही.

पिवळ्या मातीचा पट्टा होता तिथे काँक्रीटची भिंत उभी राहिली. आता ती माती मिळायची नाही. घरात होती तेवढीच, एक वाडगा. चित्रात ऊन पडलेला सगळा भाग पिवळा. दोन दिवस आभाळ आलेले, साका वाळेना, म्हणून तव्यावर मंद आचेवर ठेवला. वन्सं खिडकीशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, खांद्यावर शाल, आणि माझ्या वाटीत करडा उरलेला. तो संपवत बसले. पाठीचा उतार नेमका येईना. मान जिथे खांद्याला मिळते तिथे तीनदा चुकले. नाकाला वास आला तेव्हा उठले.

तव्यावरची माती विटेसारखी लाल झाली होती. आख्खा वाडगा.

तवा ओट्याखाली ढकलून वर सूप ठेवले आहे. देवा, काटकसर करता करता मी होते तेही जाळले.

६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सांगून टाकले. तवाच उचलून वन्संपुढे नेला आणि म्हटले, "पिवळी संपली. मी जाळली."

वन्संनी बोटांनी चिमूट उचलली, चुरगळली, उजेडात धरली. आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकला लागला, पाठ चोळावी लागली, तरी हसतच होत्या. "अगं हिशेबनीस, पिवळी भाजली की लाल होतेच. पुस्तकात वाचलं होतं मी. छत्तीस वर्षं पोरांना सांगत आले, पण एकदा तवा चढवून पाहिला नाही. असला लाल आपल्या काट्यावरच्या मातीत तरी आहे का?"

खरेच नाही. हा उबदार आहे, तो जरा उग्र.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "पण जळेपर्यंत लक्ष कुठे होतं तुझं?"

"उरलेला करडा संपवत होते."

"चमचाभर रंगाला एवढा वेळ?"

मी तवा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "आज करडा तीन चमचे कर."

तीन! आता ह्या बाईला काय सांगावे? करड्याचे आकाश केव्हाच भरून झाले आहे.

२० फेब्रुवारी, रविवार

हे काल संध्याकाळी काट्यावरून आले ते जेवणाचा डबा मला देईनात. उघडला तर काठोकाठ पिवळी माती. वर रीतसर पावती, शिक्क्यासकट. निव्वळ वजन पाऊण किलो. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला निघालेल्या पिवळ्या मातीचा एक ट्रक काट्यावर चढला, तेव्हा हे केबिन सोडून खाली उतरले म्हणे. ट्रकवाला घाबरला, की साहेब आता वजनात खोट काढणार. हे म्हणाले, "डबा भरून दे, आणि चालू लाग."

"आणि ही पावती कशाला?" मी विचारले.

"काट्यावरून वजनाशिवाय काही जात नाही."

इथवर ठीक. पण आज हे तांदळाचा डबा काढायला गेले आणि पावत्यांचा गठ्ठा हाती लागला. "माझ्या पावत्यांवर हे गिचमिड कुणाचं?" म्हणत बाहेर आले. मी कणीक मळत होते, हात बरबटलेले, हिसकावूनही घेता येईनात. एकेक पावती उलटत गेले. किटली. गज. वन्संची पाठ, चौथ्यांदा काढलेली. एका पावतीपाशी थांबले.

"ह्या माझ्या चपला."

"तुमच्याच. तपकिरी उरला होता."

"डावीचा अंगठा तुटलाय."

"मग? तुटलेलाच आहे की. दोन महिने सांगतेय."

ती पावती त्यांनी शर्टाच्या खिशात घातली. "दप्तरी लागेल," म्हणाले. चुकलेली पावती कसल्या दप्तरी लागते कोण जाणे.

१ मार्च, मंगळवार

पहाटे वन्संना धाप लागली. इस्पितळात नेले. चित्राचा वरचा भाग झाला आहे, आकाश, कापलेली कडा, उन्हाचे पट्टे. खालचा तिसरा हिस्सा, जिथे नुसती ओतलेली मोकळी माती आहे, तो कोरा. पेन्सिलीच्या चारच रेघा.

प्रार्थनेत आज काजळीकडे लक्ष गेले नाही.

४ मार्च

धाप कमी आहे. नाकाला नळी, आवाज तळातून आल्यासारखा. मी सफरचंद चिरत होते. म्हणाल्या, "खालचा भाग तू भर."

सुरी थांबली. म्हटले, "मला काय येतं वन्सं? आणि दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा म्हणजे…"

"मग पावत्यांवर कोण भरतं? उंदीर?"

मी ह्यांच्याकडे पाहिले. हे खिडकीबाहेर बघत होते, जणू बाहेर ट्रकची रांग लागली आहे. शर्टाचा खिसा रिकामा. आणि वन्संच्या उशाशी, औषधांच्या कागदाखाली, तुटक्या अंगठ्याच्या चपला.

"ते उरलेलं असतं," मी म्हटले. "वाया जाऊ नये म्हणून."

"हेही उरलेलंच आहे," वन्सं म्हणाल्या. "माझं. घालवणार आहेस का वाया?"

असे बोलल्यावर माणसाने करायचे काय? उरलेले सफरचंद मीच खाल्ले.

५ मार्च

वन्संनी औषधाच्या पाकिटामागे लिहून दिले. अक्षर वेडेवाकडे, पण वाचता येते. भाजलेला लाल साडेतीन चमचे. काट्यावरचा लाल दोन. पिवळा दीड. पांढरी माती पाव. काजळी चिमूटभर. खाली लिहिले आहे, "रेघा माझ्या आहेत, पण माती तुझ्या हातातून गेलेली आहे. ती कशी पडते ते तुला माहीत."

११ मार्च, शुक्रवार

चार दिवस भरत होते. पहिल्या दिवशी ब्रश फळीला टेकवून पाऊण तास तशीच उभी होते, आणि मग देवाचे नाव घेऊन काढला तो फराटा इतका वाईट, की ओल्या फडक्याने पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी चमच्याच्या मागच्या बाजूने रंग पसरून पाहिला, बत्ता फिरवतो तसा. ते जमले. मोकळी माती तशीच असते, वरून ढेकळे आणि खाली गाळ. बादलीत रोज बघते मी.

आज दुपारी संपले. पाचही वाट्या पुसून घेतल्या आणि पाहतच राहिले. कोरड्या. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत रंग पुरला आणि थेंबभरही उरला नाही.

इस्पितळाच्या खाटेवरून, फळी डोळ्यांसमोर नसताना, वन्संनी चमच्यांत सांगितले आणि ते तंतोतंत बसले. मग जानेवारीपासून अंदाज का चुकत होता? वहीतला 'उरला' हा रकाना बेरजेला घेतला. चित्राला लागला त्याहून जास्त रंग उरला आहे. एकही दिवस असा नाही की उरला नाही.

~~आजारपणात अंदाज चुकत असेल, आता बरे वाटते म्हणून जमला असेल.~~

वरची ओळ खोडली आहे. वन्संना अंदाज होता. पहिल्या दिवसापासून होता.

आणि मी वहीत त्यांची तक्रार लिहिली!

२० मार्च, रविवार

वन्संना चाकाच्या खुर्चीतून नेले, मागे प्राणवायूचे नळकांडे. ग्रंथपालबाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "खालच्या भागाला हात लावला तर हाताला माती लागेल असं वाटतं."

"लागेलच," हे म्हणाले. "माझ्या काट्यावरची आहे."

नाव काय लिहायचे, असे बाईंनी विचारले. वन्संनी दोन बोटे वर केली. मी म्हटले, "नाही हो, मी नुसता रंग भरला."

वन्संनी नळी जरा बाजूला केली. "चित्र म्हणजे दुसरं काय असतं गं?"

पाटीवर दोन नावे आहेत. हे तीनदा वाचून आले. चौथ्यांदा निघाले तेव्हा मीच हाताला धरून बाहेर आणले. लोक बघत होते.

२४ मार्च, गुरुवार

वन्संचा हात आता ब्रश धरत नाही. डॉक्टर म्हणतात, ह्यापुढे एवढेच. त्यांना खुर्चीत बसवून ओट्याजवळच्या दाराशी आणते. ऊन येते तिथे. आज सकाळी सवयीने विचारले, "कोणता करू? किती?"

"मला काही नको," त्या म्हणाल्या. "माझी मागणी संपली."

मी काच धुतलेली, डिंक भिजवलेला. परत उचलून ठेवायला लागले. वन्सं बघत होत्या, आणि त्या बघताना मान जिथे खांद्याला मिळते तिथे उन्हाचा एक पट्टा पडला होता, नेमका पिवळा. तो जागचा हलायच्या आत बसले.

पाठकोऱ्या पावत्या संपल्या होत्या. कपाटातून ह्यांनी कधीतरी आणलेला चांगला जाड कागद काढला, तोही आख्खा.

माती: पिवळी. कुठली: ह्यांच्या डब्यातली. किती: एक चमचा.

कुणी मागितला: मी.

उरला: नाही.